डावं मागचं चाक

उजव्या मागच्या चाकाचा नट वीस मिनिटांत निघाला. डाव्या मागच्याला चार दिवस लागले, आणि त्यातला पहिला दिवस निव्वळ माझ्यामुळे वाया गेला.

वाईचं घर रिकामं करायचं होतं. आप्पांना जाऊन सहा वर्षं झाली, आई गेल्या पावसाळ्यात गेली. भांडी, कपाटं, पुस्तकं यांचं काय करायचं ते दादानं आणि मी फोनवरच ठरवलं. तो बडोद्याला, मी पुण्यात, आणि दोघांनाही फारसं काही नको होतं. उरली घराच्या मागच्या शेडमधली जीप. महिंद्रची, उंच बॉनेटची, आप्पांनी पाटबंधारे खात्यात असताना सरकारी लिलावात घेतलेली. ‘तिचं तू बघ,’ दादा म्हणाला. जीपबद्दल तो गेली अठ्ठावीस वर्षं याहून जास्त बोललेला नाही.

कोल्हापूरकडचं एक गिऱ्हाईक आलं. जुन्या जीप हौसेनं जमवणारा माणूस. त्यानं बॅटरी आणली, पेट्रोल आणलं, कार्बोरेटर साफ केला आणि तासाभरात इंजिन चालू करून दाखवलं. मला उगाचच गहिवरून आलं. मग त्यानं ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल थेट फळीला टेकलं. खाली वाकून बघतो तर डाव्या मागच्या चाकाची आतली बाजू ओली. ‘ब्रेक करून ठेवा ताई, मग नेतो,’ असं सांगून आणि पाच हजार विसार देऊन तो गेला.

या उंच बॉनेटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लहानपणी मला ते जीपचं कपाळ वाटायचं. अमेरिकेत विलीस कंपनीनं १९५३ साली जुन्या जीपमध्ये नवं इंजिन बसवलं. ते उंचीला जास्त होतं, बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. सौंदर्याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. मुंबईत महिंद्रनं विलीसच्या जीप जुळवायला १९४७ सालीच सुरुवात केली होती, पुढे हे मॉडेलही इथे आलं. अमेरिकेत ते १९६८ साली बंद झालं, इथे मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिलं. भाषांतरानं मूळ पुस्तकापेक्षा जास्त आवृत्त्या काढाव्यात, तसं.

तर नट. या जीपचा मागचा अ‍ॅक्सल टोकाला गाजरासारखा निमुळता होत जातो. त्या निमुळत्या भागावर हब आणि ब्रेकचा ड्रम बसतो. दोघांनी एकत्र फिरावं म्हणून मधल्या खाचेत लोखंडाची एक बोटाएवढी चावी असते, आणि सगळ्यात बाहेर तो मोठा नट. नट जितका आवळाल तितका हब त्या निमुळत्या भागावर घट्ट चढत जातो. नटाच्या डोक्याला किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतात. अ‍ॅक्सलच्या आरपार भोक असतं, त्यातून आणि खाचेतून स्प्लिट पिन घालून तिचे पाय दुमडायचे, म्हणजे नट आपोआप सैल होत नाही. मागचा ब्रेक बघायचा तर ड्रम काढायला हवा, आणि ड्रम काढायचा तर हा नट.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी येणार होते. मी उतावीळ. चाक जमिनीवरच ठेवून, पुढच्या चाकांना दगड लावून, मधली टोपी स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटून मी आणि शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा तयार झालो. उजवी बाजू आधी घेतली. पिन गंजलेली, पण पक्कडीनं सरळ करून निघाली. गोटी पाना लावला, दांड्यात पाईप घातला, दोघांनी जोर दिला. नट कुरकुरला आणि फिरला. मला वाटलं, यात काय एवढं.

डाव्या बाजूला आलो तेव्हा माझं अर्धवट ज्ञान आडवं आलं. या घराण्याच्या जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. चाक पुढे फिरताना नट आपणहून सैल होऊ नये ही त्यामागची कल्पना. बोल्टच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो, तो आप्पांनी मला दहाव्या वर्षी बोटानं चाचपायला लावला होता. तो मला आठवला, मी त्या मुलाला तो अभिमानानं दाखवला, आणि आम्ही दुपारभर मधला मोठा नट उलट्या दिशेनं ओढत राहिलो. चार फुटांच्या पाईपच्या टोकाला माझे पंचावन्न किलो, वर त्याचे सत्तर. नट हलला नाही. संध्याकाळी गोटीला तडा गेला तेव्हा थांबलो.

सकाळी चाचा आले. सत्तरीकडे झुकलेले, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. त्यांनी पाईप बघितला, तडकलेली गोटी बघितली, माझ्याकडे बघितलं.

‘कुठल्या बाजूला वढला?’

मी हातानं दाखवलं.

‘चाकाचं नट उलटं असत्यात ताई. मधला न्हाई. मधला दोन्हीकडं सरळच.’ मग थोडं थांबून, मला बरं वाटावं म्हणून, ‘शिकल्याली मान्सं आदी आवळत्यात.’

इथे एक कबुली देऊन टाकते. वीस वर्षांपूर्वी, भाषांतराला नुकती सुरुवात केली होती तेव्हा, एका इंग्रजी कथेत गॅरेजचा प्रसंग होता. त्यात बोल्टचे ‘थ्रेड’ खराब झालेले होते. मी लिहिलं, ‘बोल्टचे धागे उसवले होते.’ तुलनात्मक साहित्याची एम.ए. झालेली मी, आप्पांची मुलगी मी, पाना धरून वाढलेली मी. ‘आटे’ हा शब्द मला येत होता, रोज कानावर पडत होता. पण तो शेडमधला शब्द होता आणि मी टेबलाशी बसले होते. संपादकांनाही खटकलं नाही. ते धागे अजून छापील आहेत. पुस्तक मिळालं तेव्हा आप्पांनी ते सगळं वाचलं होतं. काही बोलले नाहीत. आप्पा बोलायचे नाहीत ही या लेखातली मुख्य अडचण आहे.

चाचांनी नटावर जोर लावायला साफ नकार दिला. आधी तारेच्या ब्रशनं घासत बसले. गंज, चिखल, जुनं ग्रीस. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं. पाऊण तासानं त्यांनी बॅटरीचा उजेड पाडून मला जवळ बोलावलं. ‘पिन कुठाय?’

पिन नव्हती. पिन जिथे असायला हवी, तिथे नट आणि अ‍ॅक्सलच्या सांध्यावर एक ओबडधोबड गुठळी होती, करवंदाच्या बीएवढी.

‘टाका मारलाय,’ चाचा म्हणाले. ‘येल्डिंगचा. म्हंजी ह्ये कुनीतरी आदी खोललंय. आटं ग्येल्यालं असनार, नट धरंना, म्हनून टाका.’ आणि मग कामाच्या माणसाचा खरा राग त्यांच्या आवाजात आला. ‘असं करू न्हाई. फुडं ज्यो खोलनार त्याचा इचार करायचा असतोय.’

टाका हा शब्द ऐकला आणि मला आईचं कपाळ दिसलं.

मे १९९७. मी पंधरा वर्षांची, दादा वीसचा. तो आईला घेऊन पाचगणीला गेला होता, मावशीकडे. परत येताना पसरणी घाटात, धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं त्याच्या जरा खाली, जीप कठड्यावर गेली. डावा पुढचा मडगार्ड चेपला. कठडा फुटला नाही म्हणून दोघं वाचले. आईच्या गळपट्टीचं हाड मोडलं आणि कपाळाला सात टाके पडले. दादाला खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच त्याला फार महागात पडलं.

तो म्हणत होता, ब्रेक लागला नाही, पेडल खाली गेलं. आप्पा म्हणत होते, घाट गिअरमध्ये उतरायचा असतो, ब्रेकवर नाही, गिअरमध्ये असतास तर काही झालं नसतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ते हे वाक्य म्हणाले, मग घरी म्हणाले, मग पाहुण्यांसमोर म्हणाले. ओरडले नाहीत. शांतपणे, एखादा हिशेब सांगावा तसं. दादानं त्यानंतर जीपची किल्ली कधी मागितली नाही. बडोद्याला शिकायला गेला, तिथेच नोकरी, तिथेच घर. त्याच्याकडे आज गाडी आहे, ती वहिनी चालवते.

आमच्या घरात या गोष्टीचा मजकूर इतकाच होता. चेपलेला मडगार्ड आप्पांनी कधी सरळ केला नाही. मला वाटायचं, दादाला दिसावा म्हणून.

आणि आता हा टाका. म्हणजे कुणीतरी हे चाक उघडलं होतं. कधी? आप्पांशिवाय त्या जीपला कुणी हात लावत नसे.

दुसरा आणि तिसरा दिवस कामात गेला, त्याची हकिगत थोडक्यात सांगते. चाचांच्या पोऱ्यानं ग्राइंडरनं टाका घासून काढला. गॅसचं नळकांडं आणलं, नट तांबडा होईपर्यंत तापवला. आतलं ग्रीस जळून शेडभर काळा, गोडसर वासाचा धूर झाला. चाचांनी देवघरातली मेणबत्ती मागितली आणि तापलेल्या आट्यांना लावली. मेण पाण्यासारखं पातळ होऊन फटीत ओढलं गेलं. ‘ऑईल जात न्हाई तितं म्येन जातं.’ मग सुरूर फाट्यावरच्या ट्रकच्या गॅरेजातून जाड भिंतीची गोटी आली. तीन माणसं पाईपवर. नट अर्धा सूत फिरला आणि पुन्हा अडकला. आटे आत एकमेकांत चिरडलेले होते. शेवटी तिसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी पाईप बाजूला ठेवला, छिन्नी घेतली, आणि नटाच्या एका पैलूवर, अगदी बरोबर मध्ये, घाव घालायला सुरुवात केली. जोरात नाही. मोजून. अ‍ॅक्सलचे उरलेसुरले आटे वाचायला हवेत, म्हणून छिन्नी आतपर्यंत जाऊ द्यायची नाही, नट फुटायच्या बेतात आला की थांबायचं. चाळीसेक घावांनंतर टक्कन आवाज झाला आणि नट एका बाजूनं उलला, भाजलेल्या चिंचोक्यासारखा.

पण नट निघाला म्हणजे ड्रम निघत नाही, हे मला तेव्हा कळलं. निमुळत्या अ‍ॅक्सलवर तो इतकी वर्षं चढून बसलेला. चाक काढलं, घोडी लावली. मोठा पुलर तीन पायांनी ड्रमला जखडला, मधला स्क्रू आवळला, त्यावर घणाचे घाव. काही नाही. चाचांनी दुसरा एक जुना नट अ‍ॅक्सलवर दोन-चार आटे सैल चढवून ठेवला, ड्रम सुटलाच तर उडून कुणाच्या अंगावर येऊ नये म्हणून. पुलर आणखी एक पीळ आवळला आणि म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या रातभर. त्यो जोर खाईल आनि सोडंल.’

मी रात्री आप्पांची वही काढली.

आप्पा जीपचा खर्च लिहून ठेवत. लाल कापडी पाठीची लांबट वही, सरकारी सवयीनं ओढलेले रकाने: तारीख, मीटर, तपशील, रुपये. ती मी पुण्याला न्यायच्या खोक्यात ठेवली होती, त्यांच्या अक्षरासाठी. वाचायला म्हणून नाही. १९९७ चं पान काढलं. मे महिन्यात अपघाताची नोंद नाही. क्रेनचे पैसे आहेत, दवाखान्याचे अर्थातच या वहीत नाहीत. मग १२ जून. दादाला बडोद्याच्या गाडीत बसवून दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

‘डा. मा. ब्रेक गेलेला होता. लायनर, सिलिंडर किट. नटाचे आटे खराब, वेल्ड करून घेतला. रु. ३८५.’

मी ते वाक्य किती वेळा वाचलं, सांगत नाही. दिवसभर मी हेच काम करते, दुसऱ्याच्या वाक्यात काय आहे आणि काय नाही ते बघते. ‘गेला’ असतं तर नुसती घटना. ‘गेला होता’ असतं तर आधीची घटना, कशाच्या तरी आधीची. पण आप्पांनी ‘गेलेला होता’ लिहिलंय. उघडून पाहिलं तेव्हा तो त्या अवस्थेत सापडला. केव्हापासून, ते वाक्य सांगत नाही. अपघाताच्या आधीपासून? की अपघातात गेला? इंग्रजीत न्यायचं तर मला दोन्हींपैकी एक बाजू घ्यावी लागेल. मराठीत आप्पा मधल्या फटीत उभे राहिले होते. आणि ही नोंद कुणासाठी? खर्चाच्या वहीला वाचक नसतो. पण नुसतं ‘ब्रेक काम’ लिहूनही भागलं असतं. आजूबाजूच्या सगळ्या नोंदी तशाच आहेत: ‘क्लच काम’, ‘रेडिएटर काम’. क्रियापद असलेलं वाक्य त्या पानावर हे एकच.

पहाटे कधीतरी शेडमध्ये बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. शेजारची कुत्री तासभर भुंकत होती. मी उठून गेले नाही. ड्रम सुटला होता.

सकाळी चाचांनी तो दोन्ही हातांनी ओढून काढला आणि उताणा करून अंगणात उन्हात ठेवला. शू-वरचे लायनर जाड, जवळजवळ नवे. उजव्या बाजूचे झिजून रिवेटला टेकलेले. ‘ह्येच एक चाक क्येलंय,’ चाचा म्हणाले. ‘फकस्त ह्येच.’ मग त्यांनी ड्रमच्या आतून अंगठा फिरवला आणि माझाही हात धरून फिरवला. आत गोल फिरलेले चर होते, नखं अडकावीत इतके खोल.

‘ह्ये नव्या लायनरनं न्हाई पडत. आदीचं हाय. लायनर संपून रिवेट घासत हुतं ड्रमला. नवं लायनर घातलं, पन ड्रम लेथला दिला न्हाई.’

‘ठोकर बसून होईल असं?’

‘ठोकर फुडं, ह्ये मागं. आनि ठोकरीनं चर न्हाई पडत. लई दिस घासावं लागतंय. धा हजार किलोमीटर म्हना.’

मग त्यांनी समजावलं. लायनर झिजलं की शू-ला ड्रमपर्यंत पोहोचायला जास्त बाहेर जावं लागतं. शू-ला ढकलणारा पिस्टन सिलिंडरमधून जास्त बाहेर येतो. एक दिवस जोरात ब्रेक दाबला की तो इतका बाहेर येतो की त्याचा रबरी वॉशर सुटतो आणि ब्रेक ऑईल सांडतं. या जीपला चारही चाकांना मिळून ऑईलची एकच वाट असते. एका चाकातून ऑईल गेलं की चारही ब्रेक गेले. पेडल खाली.

‘पेडल खाली,’ मी म्हटलं.

‘फळीला.’

मी अंगणातूनच दादाला फोन लावला. रविवार होता, त्याच्याकडे कुकरची शिट्टी होत होती. मी नटाबद्दल सांगितलं, टाक्याबद्दल, चरांबद्दल. तो ऐकत होता की नाही कळेना. मग वहीतली नोंद वाचून दाखवली.

दादा केमिकल इंजिनिअर आहे. माझी भाषांतरं तो वाचत नाही, मराठी पुस्तक त्याच्या घरात क्वचितच असेल. तो म्हणाला, ‘गेला होता, की गेलेला होता?’

‘गेलेला.’

‘पुन्हा वाच.’

मी पुन्हा वाचली. तारखेसकट.

बराच वेळ नुसता कुकर. मग तो म्हणाला, ‘गाडी न्यूट्रलला होती.’

‘काय?’

‘मी न्यूट्रल केली होती. पेट्रोल वाचवायला. आप्पा सपाटीला करायचे तसं, मी घाटात केलं. आईनं पाहिलं होतं. ती कुणाला बोलली नाही.’

‘आप्पांनी विचारलं नव्हतं?’

‘विचारलं ना. दवाखान्यात, पहिल्यांदा तेच विचारलं. मी म्हणालो, तिसऱ्यात होती.’

मला वाटलं होतं, मी त्याला काहीतरी द्यायला फोन केलाय. आता मला पुढे काय बोलायचं ते सुचेना. आप्पांना त्याचं खोटं कळलेलं असणार, त्यांना गिअर कळत होते. आणि १२ जूनला त्यांना दुसरंही कळलं. दादा तोपर्यंत बडोद्याला पोहोचला होता. एक पत्र, एक साधं कार्ड. आईला सात टाके घालताना ती ओरडली नाही, असं डॉक्टर कौतुकानं सांगत होते.

‘नट फोडलात?’ दादानं विचारलं.

‘फोडावाच लागला.’

‘नवीन घालताना पिनेचं भोक जुळलं नाही तर मागं फिरवू देऊ नकोस. पुढं आवळायचा, पुढच्या खाचेपर्यंत. आप्पा सांगायचे.’

चाचा शेजारी येऊन उभे होते. ड्रम त्यांनी गोणपाटावर ठेवला होता. ‘ताई, लेथला टाकू का ह्यो? चर निगून जात्याल. आज दिला तर उंद्या मिळंल.’

मी फोन कानाला तसाच धरून उभी होते. दादाला ऐकू गेलं असावं.

‘टाकू दे म्हणावं,’ तो म्हणाला.

चाचांनी ड्रम गोणपाटात गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि पोऱ्याच्या स्कूटरवर पायांपाशी ठेवला.